न दिलेला निकाल

फार फार वर्षांपूर्वी, नेमकं कधी ते मला विचारू नका, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक न्यायाधीश होता. लाच घ्यायचा नाही, खोटं बोलायचा नाही. लोक त्याला देवमाणूस म्हणत, आणि हळूहळू त्यालाही ते पटलं होतं.

एकदा तिथली बाजारपेठ जळाली. आग सेनापतीच्या माणसांनी लावली, असं एक कोष्टी तरुण भर चौकात बोलून गेला. झालं! राजद्रोही म्हणून त्याला कोठडीत टाकलं आणि खटला या न्यायाधीशापुढे आला.

पुरावा पाहताच न्यायाधीशाला कळलं, पोरगा निर्दोष आहे. पण सोडावं तर राजाची खप्पामर्जी, आणि शिक्षा द्यावी तर मनाला टोचणी. मग या शहाण्याने काय करावं? पुढची तारीख दिली. त्या तारखेला आणखी पुढची.

आता त्या राज्याची रीत अशी उफराटी, की शिक्षा झालेल्या कैद्याला सरकारी शिधा मिळे, पण निकाल न लागलेल्याला घरच्यांनीच पोसायचं. तरुणाला होती फक्त म्हातारी आई. ती रोज भाकरी बांधून गावाबाहेरच्या तुरुंगापर्यंत चालत जायची. होता होता तिचे गुडघे गेले, मग डोळेही गेले.

शेवटी ती चाचपडत न्यायाधीशापुढे आली.

"मायबाप, माझ्या पोराला दोषी ठरवा."

न्यायाधीश चपापला. "बाई, तुझा मुलगा निरपराध आहे. मला ठाऊक आहे ते."

"मग सोडा की त्याला."

न्यायाधीश समोरचे कागद चाळू लागला.

"सोडवत नसेल तर द्रोही म्हणा, काय वाटेल ते म्हणा. सरकार त्याला दोन घास तरी घालेल. माझ्याच्यानं आता चालवत नाही."

"निरपराध माणसाला दोषी ठरवायचं पाप माझ्या हातून होणार नाही," न्यायाधीश म्हणाला, आणि त्याने पुढची तारीख दिली. वर घरी जाऊन पोटभर जेवलासुद्धा.

त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली आणि भाकरी बंद झाली. तुरुंगाच्या शिपायाने वर विचारलं. उत्तर आलं, आधी निकाल लागू द्या.

तारखेला शिपायांनी आरोपीला आणलं ते तिरडीवर.

"याला कोणी मारलं?" न्यायाधीशाने विचारलं.

"कोणीच नाही, महाराज. निकाल नव्हता, म्हणून शिधा नव्हता."

तेव्हा कुठे न्यायाधीशाने निकाल वाचला: आरोपी निर्दोष. ऐकायला ना आई होती, ना पोरगा. सेनापतीनेही हरकत घेतली नाही.

लेकरांनो, आणि लेकरांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: खरं काय ते कळूनही जो निकाल टाळतो, तो अन्यायाच्याच बाजूने निकाल देतो.