शिंगाच्या मुठीची सुरी

एका राज्यात जमीन सगळी कातळाची. नांगराचा फाळ टेकला की मोडायचा, म्हणून प्रजा रानावर जगायची. राजाचा शिकारी जनावर मारी, रानातच त्याचं पोट उघडून साफ करी, आणि मांस चावडीवर घरटी वाटलं जाई. हे काम पिढ्यानपिढ्या एकाच घरात होतं. त्या घरातला आताचा कर्ता म्हणजे सटवाजी. त्याची बायको कोंडाई आणि लेक गोजरी, नऊ वर्षांची.

त्या राज्याला शाप लागला. कसा लागला ते मागाहून सांगतो, कारण सटवाजीनंही ते मागाहूनच सांगितलं.

शाप असा, की मेलेल्या जनावराच्या पोटाला सुरी लागली की अख्खं जनावर दगड व्हायचं. खूर दगड, काळीज दगड. भुकेली माणसं ते दगड फोडून उकळायची आणि पाणी प्यायची. करतात काय बिचारी! पण ते पाणी जो प्याला, त्याची पावलं दगडाची व्हायची आणि दगड अंगात वर वर चढायचा. कोंडाई घरातले कंद लेकीला घालायची आणि आपण ते पाणी प्यायची. एका सकाळी ती दारात उभी राहिली ती उभीच राहिली. एक हात कपाळाशी, दुसरा पुढं पसरलेला. नवरा रानातून काही आणतोय का, ते बघत होती. मग कंदही संपले, आणि गोजरीनं ते पाणी तोंडाला लावलं.

सटवाजी तळ्याकाठी डोकं धरून बसला. समोरच्या धोंड्यावर टिटवी बसली होती, ती बोलली.

"सटवाजी, रान आता तीनच जनावरं देईल. ती आपल्या पायांनी येतील आणि तुझ्यापुढं प्राण सोडतील. सुरी तू निवड. एक तरी जनावर आतड्याला ओरखडा न लागता उघड."

"आणि तिन्ही नासली तर?"

"तर दारात दोघी उभ्या राहतील," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

सटवाजीच्या कमरेला राजानं दिलेली मानाची सुरी होती. माणकांची मूठ, हातभर पातं, दोन्ही बाजूंनी धार, टोक सुईसारखं. त्यानं विचार केला, राजाची वस्तू आहे, तिच्यात राजाचं पुण्य असेल. सांबर आलं, गुडघे टेकून त्यानं मान टाकली. सटवाजीनं टोक कातडीखाली घातलं, ते थेट कोठ्यात घुसलं. अर्धवट पचलेला चारा मांसावर सांडला आणि सांबर दगड झालं. घरी आला तेव्हा गोजरी भिंतीला टेकून होती.

"बाबा, गुडघे वाकेनात," ती म्हणाली.

तो रानातल्या एका मांत्रिकाच्या गुहेत गेला. मांत्रिकाजवळ लोखंड कापणारी सुरी होती. बदल्यात त्यानं सटवाजीची झोप मागितली. सटवाजीनं दिली. तशीही ती येत कुठं होती? मग रानडुक्कर आलं, आडवं झालं, गेलं. सटवाजीनं सुरी लावली मात्र, तिनं कातडी कापली, आतडी कापली, खालची जमीनसुद्धा कापली. हाताला काही कळलंच नाही. कुठं थांबायचं ते हाताला कळलं नाही तर ती सुरी काय चुलीत घालायची? डुक्कर दगड झालं. गोजरीच्या छातीपर्यंत दगड चढला.

त्या दुपारी सटवाजी लेकीच्या पायाशी पडून ढसाढसा रडला. दगडाच्या पायाला काय कळणार! गोजरीला श्वास पुरत नव्हता, तरी ती बोलली.

"बाबा, आजोबांची सुरी कुठंय? शिंगाच्या मुठीची. आजोबा म्हणायचे, पातं चार बोटांचं हवं, टोक खाली उतरतं हवं, आणि मूठ रक्तानं भिजली तरी निसटता कामा नये."

सटवाजीनं मान खाली घातली. सुरी कुठं आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता ऐका, शाप कसा लागला ते. दोन वर्षांमागं राजानं सटवाजीला भर शिकारीत ती माणकांची सुरी दिली. सटवाजीची स्वारी खूश! बापाची सुरी कमरेला असून नव्या सुरीनं हरिणी उघडायला बसला, आणि कोठा फुटला. शिकाऱ्यांची रीत अशी, की ज्याच्या हातून जनावर नासेल त्यानं ते पाठीवर घालून चावडीवर न्यायचं, "माझ्या हातून नासलं" म्हणायचं आणि एक दिवस उपाशी राहायचं. रानानं दिलेल्या जिवाचा तेवढा मान ठेवायचा. पण मानाची सुरी मिळाल्याच्या दिवशी चारचौघांत हे कोण बोलणार? त्यानं खड्डा खणला आणि हरिणी पुरली. राजानं विचारलं तेव्हा म्हणाला, "महाराज, जुन्या सुरीनं घात केला. मूठ निसटली. नासलं मांस पुरलं, सुरीही त्यातच पुरली." आणि खरंच बापाची सुरी त्यानं खड्ड्यात टाकली होती. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्याच दिवसापासून दगड सुरू झाले. सटवाजीला ते पहिल्या दिवशीच उमगलं होतं. कोंडाई दगड झाली तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

तो रानात धावला आणि नखांनी माती उकरली. सुरी सापडली. पातं गंजलं होतं, मूठ तशीच होती. ओढ्याच्या दगडावर त्यानं ती घासली, अंगठ्याला धार लागेपर्यंत घासली. मागं वळून पाहतो तर खड्ड्यातून हरिणी उठून उभी.

"ओळखलंस?"

"ओळखलं."

"मग आता नीट कर. आणि राहिलेलं बोल." एवढं म्हणून तिनं त्याच्या पायाशी मान टाकली.

सटवाजीनं तिचे डोळे मिटले. धार वर केली, पात्याच्या पाठीखाली आपलं बोट ठेवलं. पुढं बोट, मागं सुरी. आतड्याची ऊब बोटाला कळत होती, आणि जिथं बोट थांबलं तिथं सुरी थांबली. कातडी उघडली. कोठा अख्खा निघाला. मांस मांसच राहिलं.

हरिणी पाठीवर घेऊन तो निघाला. वाटेत त्याचं घर लागलं. आतून गोजरीची हाक आली नाही. दगड गळ्याशी आला होता. त्याचे पाय तिकडं ओढत होते, पण तो चावडीकडं गेला. लोक जमले. राजाही आला.

"माझ्या हातून नासलं," सटवाजी म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. सुरी खोटी नव्हती. मी खोटं बोललो."

गावभर दगड तडकल्याचा आवाज झाला. अर्धी दगड झालेली माणसं हलली. पुरती दगड झालेली होती, ती मात्र दगडच राहिली.

कडेवर दगडाचा नातू घेतलेली एक म्हातारी पुढं आली. "तुझा एक दिवसाचा उपास, सटवाजी," ती म्हणाली. "आमचा दोन वर्षांचा झाला." सटवाजीनं पाठीवरची हरिणी तिच्यापुढं उतरवली.

राजानं मानाची सुरी परत घेतली. "मूठ बघून सुरी दिली, ही चूक माझी," तो म्हणाला. "रीत आहे तशी चालू दे. शिकारी उपाशी राहील, बाकीच्यांना वाटा."

गोजरी धावत आली, आपल्या पायांनी धावत आली. वाटेत लोकांच्या तोंडून सगळं ऐकत आली होती. सटवाजीनं हात पुढं केले, पण ती मिठीत शिरली नाही.

"आईला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं घरचा वाटा घेतला, घरी जाऊन शिजवला. पहिला घास रानाला ठेवला. दुसरा घास तिनं दारातल्या आईच्या पसरलेल्या हातावर ठेवला आणि मग आपण जेवायला बसली.

रान भरलं, चुली पेटल्या, राज्य मार्गी लागलं. सटवाजी दाराबाहेर बसून होता. दुसऱ्या दिवशी उपास सुटला. गोजरीनं ताट वाढून बाहेर आणलं. त्याला काही खाववेना, पण लेक समोर उभी होती, म्हणून त्यानं घास उचलला.