घोंगडी कुठाय?

मेंढरंही प्रार्थना करायची, तेव्हाची गोष्ट. नदीतल्या बेटावर कळप अडकला होता आणि पाणी चढत होतं. चिखलानं माखलेला एक माणूस पाण्यातून हाका मारत येत होता.

"हा आपला मेंढपाळ नव्हे. घोंगडी कुठाय?" म्हातारा एडका खेकसला.

भुरी कोकरीला धडकी भरली. प्रार्थनेला डोळे मिटायला शिकवणारा हाच थेरडा! तिनं डोळे मिटले.

"भुरे, ये गं!"

हाक ओळखीची होती. तिनं उडी टाकली.

"डोळे फुटले का गं?" एडका मागून ओरडला.

"मिटलेत, आजोबा!"

त्या माणसानं तिला काठावर नेलं. बाभळीआड, त्याच्याच घोंगडीत, काल हरवलेलं कोकरू निजलं होतं. तो पुन्हा पाण्यात शिरला, एडक्याला नावानं हाका मारत.

एडका गळ्याएवढ्या पाण्यातून विचारत होता, "घोंगडी कुठाय?"