खो आला की ऊठ

“…पण उठले तर असं काय बिघडलं, बाबा? अर्ध्या सेकंदाचा तर प्रश्न!”

हन्ना पारधे हे तिसऱ्यांदा विचारत होती.

देवदान लोंढे ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. खडकवाडीच्या चर्चचे ते निवृत्त पाळक. वय एकोणऐंशी. तरुणपणी त्यांचा खो-खो जिल्हाभर गाजलेला. चर्चमागचं मैदान त्यांनीच दगड वेचून केलेलं, आणि गावातल्या तीन पिढ्या त्यांनीच तिथं पळवलेल्या.

खो-खोत रांगेत बसलेल्यानं पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडल्याशिवाय उठायचं नसतं, हे शेंबडं पोरही जाणतं. हन्ना जिल्ह्याच्या संघाची कर्णधार, वाऱ्यासारखी पळणारी. पण ती आधीच उठायची. तीन सामन्यांत पाच फाउल.

उद्या अंतिम सामना. त्यातूनच राज्याच्या संघात निवड. संघाच्या सरांनी निक्षून सांगितलं होतं, आणखी एक फाउल झाला की बाहेर बसायचं. राज्याचं विसरायचं.

“मी चपळ आहे ना, बाबा. हात पडायच्या आत मला कळतं.”

“कळतं?”

“हो.”

“मग माझ्याकडं कशाला आलीस?”

हन्नानं ओट्यावरचं एक टरफल उचलून चुरगाळलं.

“भीती वाटते,” ती शेवटी म्हणाली.

“कशाची?”

“खो येणारच नाही याची. पळणारी पोरगी समोर दिसत असते. मागं कोण आहे, कुठं आहे, काही कळत नाही. वाटतं, मला विसरले सगळे… मग पाय आपोआप उठतात.”

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. त्यांनी टरफल बाजूला टाकलं.

“भिऊ नको, असं सांगणारी बायबलातली वचनं येतात का गं?”

“चाळीस पाठ आहेत!” हन्नाची मान ताठ झाली. “नाताळच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मलाच.”

“वा! आणि तुझ्या पायांना किती पाठ आहेत?”

तिला राग आला. चिडून ती म्हणाली, “तुम्ही फक्त डोक्यावर हात ठेवा, प्रार्थना करा. प्रभू भीती काढून टाकील.”

बाबांनी हात झटकले, पण तिच्या डोक्यावर काही ठेवले नाहीत. चपला शोधत ते उठले.

आतून त्यांच्या सुनेचा, मार्थाताईचा आवाज आला. “बाबा, गाडी साडेचारला येणारे. लांब जाऊ नका. बॅग बाहेरच ठेवलीय.”

बॅग हन्नाला दिसली. नगरला उपदेशाला निघाले असतील, तिला वाटलं. बाबांची बॅग सदा भरलेलीच असायची.

मैदानाच्या कडेला बाबांनी चपला काढल्या. चपला घालून चुन्याची रेघ ओलांडायची नाही, हा त्यांचा जुना नियम. पाळकांपासून पाटलांपर्यंत सगळ्यांना लागू.

आठ चौकोन ताजे आखलेले होते. बाबांनी कडेचा चौकोन दाखवला.

“बस.”

हन्ना बसली. हात जमिनीवर, पाऊल तयार, तोंड नदीकडं.

“खो आला की ऊठ. तोवर मान वळवायची नाही.”

अनवाणी पावलं मागं गेली. थोडी दूर गेली. मग थांबली.

हन्ना वाट पाहू लागली.

एक मुंगळा तिच्या बोटावरून चढला आणि उतरून गेला. घाटावर कुणीतरी गोधडी आपटत होतं. आपटणं थांबलं…

खो येईना.

मांड्या भरून आल्या. म्हातारा माणूस, विसरला तर नाही? घरी तर नाही गेला? चाळीस वचनं तिनं मनात म्हणायला घेतली. सातव्यावर गाडी अडली.

मागं कुणीच नाही, अशी तिची खात्रीच झाली.

आणि पाय उठले.

ती गर्रकन वळली. “बाबा, किती वेळ—”

मागं खरंच कुणी नव्हतं.

मग तिला दिसलं. रांगेतच, तिच्यापासून चौथ्या चौकोनात, तिच्या उलट दिशेला तोंड करून बाबा बसले होते. हात जमिनीवर, पाऊल तयार. एकोणऐंशी वर्षांचे गुडघे मातीपासून वितभर वर.

“तुम्ही खो देणार होता ना?”

“असं मी कधी म्हणालो?”

हन्ना आठवू लागली. खरंच, तसं ते म्हणाले नव्हते.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. हातात फाइल घेऊन मार्थाताई धावत आली आणि सवयीनं रेघेबाहेर थांबली.

“अहो बाबा! उद्या सकाळी छाती उघडायचीय तुमची, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय, आणि तुम्ही उकिडवे काय बसलात? उठा आधी!”

आठवडाभर गावात हीच चर्चा होती. हन्नाला तिच्या फाउलपुढं काही ऐकू आलं नव्हतं. आल्यापासून तासभर ती स्वतःबद्दलच बोलत होती. शरमेनं तिचे कान तापले.

“बाबा… तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की.” त्यांनी मान वळवली नाही. “काल वाटली. आज सकाळपासून तर फारच.”

मातीवर टेकलेली बोटं त्यांनी आणखी घट्ट रोवली.

“मग उठा ना, बाबा. गाडी आलीय.”

“खो कुठं आलाय?”

हॉर्न पुन्हा वाजला.

बाबा बसूनच होते. डोळे मिटलेले नव्हते, ओठ हलत नव्हते. समोर फक्त चर्चची मागची भिंत होती, तिच्याकडं ते पाहत होते. हन्नानं शेकडो खेळाडू बसलेले पाहिले होते. असं बसलेलं तिनं कुणाला पाहिलं नव्हतं.

ती चालत गेली. त्यांच्या मागं उभी राहिली. हात उचलला. तो आपला हात आहे, असं तिला वाटेना.

पंजा पाठीवर टेकला. सदऱ्याखाली म्हाताऱ्याचं काळीज धाडधाड उडत होतं. घाबरलेल्या माणसाचं उडतं तसंच.

“खो!”

आवाज भिंतीवर आपटून परत आला.

आणि देवदान लोंढे उठले. हात न टेकता, एका दमात, तरण्या गड्यासारखे. मार्थाताईच्या हातून फाइल निसटली.

ते सरळ रेघेपर्यंत गेले. चपला घातल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून गाडीत बसले.

हन्ना मागोमाग धावली. खिडकीची कड तिनं धरून ठेवली. डोळे भरून आले होते, पण विचारल्याशिवाय राहवेना.

“बाबा, मी आयुष्यात कुणाचा विचार केला नाही. मला काही ठाऊकसुद्धा नव्हतं… मग मी खो देईन, हे तुम्हाला कसं कळलं?”

गाडी सुरू झाली. बाबांनी तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

“मला कुठं कळलं होतं, पोरी? मी बसलो होतो.”