पिवळ्या गावाचा हापसा

“म्हणजे मी सही केली की पाणी येईल?” शेख सैदींनी विचारलं.

“सही केली की कागद पुढं जाईल,” उकिडवे म्हणाले. “कागद पुढं गेला की जानेवारीत पाणी येईल.”

“आणि नाही केली तर?”

उकिडवे मशिदीच्या अंगणातल्या हापशाकडं बघत राहिले. हापशाचा दांडा वर उचललेला होता आणि त्यावर कुणीतरी गोणपाट वाळत घातलं होतं.

“नाही केली तर गाव पिवळंच राहील,” ते म्हणाले.

ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार होता. पूर्व आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवरापासून दीड तासाच्या पायवाटेवर चिसाले नावाचं गाव आहे, तिथं आम्ही आंब्याखाली चटईवर बसलो होतो. शेख सैदी हे तिथल्या मशिदीचे इमाम. वय अठ्ठ्याहत्तर. श्रीरंग उकिडवे सांगलीकडचे. जिल्ह्यात काम करणाऱ्या परदेशी मदत संस्थांचा मेळ घालणं ही त्यांची नोकरी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून मी मधे बसलो होतो. मी मूळचा मराठी, पण तिथल्याच तालुक्याच्या गावी माझं कापडाचं दुकान आहे, त्यामुळं दोन्हीकडचं मला समजतं.

उकिडवे दर गुरुवारी शेखांकडं यायचे. आपण त्यांचे शिष्य आहोत असं ते चारचौघांत सांगत, आणि शेखांची वाक्यं वहीत टिपून घेत. राजधानीतल्या बैठकींत त्यांच्या भाषणाची सुरुवात शेखांच्या वाक्यानं होई. ते त्यांना शेखबाबा म्हणत. शेखांना श्रीरंग म्हणता येत नसे, ते सिलंगा म्हणत.

पिवळ्या गावाची गोष्ट अशी.

उकिडवे यायच्या आधी त्या जिल्ह्यात नऊ संस्था होत्या आणि नऊ जणींना एकमेकींचा पत्ता नव्हता. एका गावात तीन हापसे बसले, शेजारच्या गावात एकही नाही. चिसालेच्या शाळेमागं दोन संस्थांनी पाठीला पाठ लावून दोन संडास बांधले, आणि तिसऱ्या संस्थेची माणसं ते मोजायला आली. हे उकिडव्यांनी बंद केलं. त्यांनी नकाशा काढला. एका गावाला पाण्यासाठी एकच संस्था, प्रत्येक संस्थेला एक रंग, आणि दुसऱ्याच्या रंगात कुणी पाऊल टाकायचं नाही. चार वर्षांत नकाशा इतका नीट झाला की दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसं तो बघायला येऊ लागली. हे काम चांगलंच होतं, आणि ते चांगलं आहे असं शेखांनीही त्यांना एकदा सांगितलं होतं.

चिसाले पिवळं होतं. पिवळ्या संस्थेनं तिथं हापसा बसवला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हापशाचा वायसर फाटला. त्या बनावटीचा वायसर बाजारात मिळत नाही, तो संस्थांच्या गोदामातच असतो. आणि पिवळी संस्था जूनमध्येच आपलं ऑफिस बंद करून देशातून गेली होती. जाताना तिनं आपली गावं कुणाच्या नावे करून दिली नव्हती.

तशी गावं दुसऱ्या संस्थेकडं देता येतात. त्यासाठी एक छापील कागद आहे. पण कागदाची अट अशी की हापसा चालू स्थितीत असला पाहिजे. मोडका हापसा कुणी ताब्यात घेत नाही. मोडका असेल तर ज्यांनी बसवला त्यांनी आधी तो दुरुस्त करायचा.

त्या कागदावर एक ओळ होती. तिच्याखाली गावच्या मुखियाची किंवा इमामाची सही लागत होती. चिसालेचा मुखिया फेब्रुवारीत वारला आणि नवा अजून नेमला गेला नव्हता.

“ती ओळ परत वाच,” शेख मला म्हणाले.

मी वाचली. गावातला हापसा चालू असून त्याला पिण्याचं पाणी येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

शेखांनी डोळे मिटले.

“हे कुणी लिहिलं?”

“नऊ संस्थांनी मिळून,” उकिडवे म्हणाले. “दोन दिवस बैठक चालली होती.”

“त्यातलं कुणी इथं आलं होतं?”

“शेखबाबा, ती एक ओळ आहे. सगळीकडं असंच करतात. आत्तापर्यंत सहा गावांनी सही केली आहे.”

“त्या सहा गावांत पाणी येतं?”

“जानेवारीत येईल.”

झैनाबू हसली. ती हापशाच्या समितीची प्रमुख, पस्तिशीची बाई. हापशाचा पाना तिच्या ताब्यात असायचा, आणि वर्षभर उपयोग नसला तरी तो तिच्या कमरेच्या कापडात खोचलेला असे. ती अंगणाच्या कडेला मका सोलत बसली होती.

तिनं जे सांगितलं ते उकिडव्यांना ठाऊक होतं, पण तिनं मला ते पुन्हा त्यांच्या भाषेत सांगायला लावलं. गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या गावात हिरव्या संस्थेचा मेस्त्री आला होता. शेजारचं गाव हिरवं. त्याच्या पिशवीत तोच वायसर होता. झैनाबू आणि चार बायका तिकडं चालत गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. मेस्त्री भला माणूस. त्यानं हापसा उघडला, दांड्या वर काढल्या, फाटका वायसर बायकांना दाखवला. नवा हातात घेतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्यानं नवा वायसर पिशवीत टाकला, फाटका परत जागेवर बसवला, बोल्ट आवळले आणि कुणाकडं न बघता सायकलवर बसला.

“फाटका का बसवलास, असं मी त्याला विचारलं,” झैनाबू म्हणाली. “तर म्हणतो, जसा होता तसा ठेवायला सांगितलंय. साहेब, हिरव्या रंगाचं पाणी आम्हाला बाधलं असतं का?”

उकिडवे म्हणाले, नियम एकदा मोडला की दोन वर्षांत पुन्हा तीच गत झाली असती. एका गावात तीन हापसे आणि एका गावात शून्य.

“आमच्याकडं शून्यच आहे,” झैनाबू म्हणाली आणि पुढचं कणीस उचललं.

तिकडचा पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्या पावसाळ्यात बायका ओढ्याच्या डबक्यातून पाणी भरत होत्या. जानेवारी-फेब्रुवारीत चिसालेत पटकीनं चार माणसं गेली. त्यात मुखिया होता. झैनाबूची मधली मुलगी होती.

शेखांनी डोळे उघडले.

“सिलंगा, त्या दिवशी तो फोन कुणी केला होता?”

“मेस्त्रीनं आपल्या ऑफिसला विचारलं,” उकिडवे म्हणाले. “ऑफिसनं आमच्याकडं विचारलं.”

“तुमच्याकडं म्हणजे?”

“माझ्याकडं.”

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. झैनाबूनं हातातलं कणीस खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि सोलायला लागली. दाणे चटईबाहेर पडत होते.

उकिडवे भराभर बोलू लागले. पिवळ्या संस्थेला त्यांनी अकरा पत्रं लिहिली होती. दुसऱ्या संस्थेनं दुरुस्ती करायला त्यांच्यातल्या ज्याची परवानगीची सही हवी तो माणूस आता दुसऱ्याच खंडात दुसऱ्याच नोकरीवर होता. त्याचं एक उत्तर आलं होतं, त्यात त्यानं चिसालेच्या लोकांची प्रेमानं चौकशी केली होती. शेवटी उकिडव्यांनीच हा मार्ग शोधला. आज सही मिळाली तर तीस तारखेच्या बैठकीत चिसाले हिरवं होईल. नाही मिळाली तर पुढची बैठक पुढच्या ऑक्टोबरात. मधे एक पावसाळा येतो, हे त्यांनी सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे देणारा उठून गेला,” शेख म्हणाले, “पण त्याची जागा अडलेली आहे.”

“हो.”

“आमच्या नमाजाच्या रांगेतून एखादा उठून गेला तर शेजारचा सरकतो. जाणाऱ्याचं पत्र लागत नाही.”

उकिडव्यांचा चेहरा क्षणभर उजळला. त्यांनी खिशातून वही काढली.

“फार चांगलं बोललात, शेखबाबा. लिहून घेऊ?”

झैनाबूनं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार? मी भाषांतर केलं.

शेख थोडे हसले. “लिही. तुझं लिहून झालं की पेन मला दे.”

उकिडव्यांनी वाक्य लिहिलं, खाली तारीख घातली आणि पेन पुढं केलं.

तेव्हा झैनाबू उठून आली. ती म्हणाली, शेख, तुम्ही नका लिहू. मी अंगठा देते. माझ्या खोट्याला कोण विचारतंय? तुमच्या पाठीमागं गाव नमाज पढतं.

शेखांनी उकिडव्यांकडं पाहिलं. उकिडव्यांनी मान हलवली. समितीचा अंगठा चालत नाही. मुखिया नाहीतर इमाम.

“का?” शेखांनी विचारलं.

“इमाम खोटं बोलणार नाही, असं... धरलेलं असतं.”

“हेही त्या बैठकीत ठरलं?”

“हो.”

शेखांनी कागद मागून घेतला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला, खाली कुराण शिकवायची लाकडी पाटी ठेवली आणि उजवीकडून डावीकडं आपलं नाव लिहिलं. अरबी अक्षर वळणदार होतं. शाई वाळेपर्यंत ते कागदावर फुंकर घालत राहिले.

“झालं?”

“झालं,” उकिडवे म्हणाले. त्यांनी वाकून शेखांच्या पायांना हात लावला. तिकडं तशी पद्धत नाही. शेखांनी पाय मागं घेतले.

उकिडवे कागद पिशवीत ठेवत होते तेवढ्यात दुपार कलल्याची बांग झाली. माणसं शेतांतून येऊ लागली. मशिदीच्या भिंतीपाशी कोरड्या मातीचा एक चौकोन झाडून स्वच्छ ठेवलेला होता. एकेक जण तिथं वाके, दोन्ही तळवे मातीवर टेकवी, चेहऱ्यावरून फिरवी, मग हातांवरून, आणि आत जाई. नमाजाआधी पाण्यानं हातपाय धुवायचे असतात. पण जवळपास पाणीच नसेल तर मातीवर भागवायला त्यांच्या धर्मात मोकळीक आहे. चौदा महिने चिसालेचं तसंच चाललं होतं. प्यायला आणि शिजवायला जे पाणी सरोवरातून डोक्यावरून यायचं ते धुण्यात घालवायला कुणाचं मन होत नसे.

शेख उठले. मातीच्या चौकोनापाशी गेले. थांबले.

आधी आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी हळू आवाजात काही सांगितलं. आज तू पुढं उभा राहा, असं. म्हातारा गोंधळला. शेखांनी भिंतीला लावलेली काठी घेतली, खुंटीवरची रिकामी प्लॅस्टिकची किटली काढली, आणि ते अंगणाबाहेर पडून सरोवराच्या पायवाटेला लागले.

“कुठं चालले?” उकिडव्यांनी मला विचारलं.

मी शेखांना गाठून विचारलं. ते न थांबता म्हणाले, हातपाय धुवायला.

उकिडवे धावत आले. ते म्हणाले, तिथं पोचेपर्यंत ऊन उतरेल. इतके दिवस माती चालत होती, आज काय झालं?

“माती पाणी नसेल तर चालते,” शेख म्हणाले. “पाणी आहे असं मी लिहून दिलंय.”

“अहो, पण तो नुसता कागद आहे. पाणी नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला माहीत आहे. साक्ष मी दिली आहे.”

“शेखबाबा...”

“एका हातानं पाण्याची साक्ष द्यायची आणि दुसऱ्या हातानं माती घ्यायची? मग माझ्या पाठीमागं कुणी का उभं राहावं?”

“पण जानेवारीपर्यंत? रोज?”

शेख चालत होते. त्यांच्या चपलेचा एक पट्टा सुतळीनं बांधलेला होता आणि दर पावलाला टाच बाहेर येत होती. मागून नमाजाची सुरुवात ऐकू आली. म्हाताऱ्याचा आवाज दोनदा अडखळला.

उकिडवे माझ्याशी मराठीत बोलू लागले. त्यांना कागद परत द्यावा असं वाटत होतं. फाडून टाकावा असंही वाटत होतं. मग ते म्हणाले, फाडला तर आणखी एक पावसाळा जाईल. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती.

शेवटी ते पळत गाडीकडं गेले आणि ती पायवाटेच्या तोंडाशी आणून उभी केली. दार उघडलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बसा, शेखबाबा. सरोवरापर्यंत सोडतो. रोज गाडी पाठवतो, पाचही वेळा. एवढं तरी करू द्या.”

मी ते सांगितलं.

शेख थांबले. त्यांनी वळून काठीनं मशिदीच्या अंगणाकडं दाखवलं. तिथं झैनाबू हापशावरचं गोणपाट काढून झटकत होती.

“पाणी तर तिथं आहे, सिलंगा. चार पावलांसाठी गाडी कशाला?”