टिचकीचं पिल्लू आणि पाचकोनी नट

एक होती उंदरीण. नाव टिचकी. तिचं पिल्लू एवढुस्सं, शेंगदाण्याएवढं. पिल्लू शिरलं सदबा मिस्त्रीच्या फटफटीत. सीटखालच्या पेटीत. मिस्त्रीनं बघितलंच नाही. झाकण लावलं. चिमटीनंच नट आवळला. कर्रर्र!

आतून आवाज, "चीं चीं! आई!"

टिचकी धावली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मिस्त्रीदादा, मिस्त्रीदादा, नट काढ! पिल्लू माझं सुटेना!"

मिस्त्रीनं चिमटीनं फिरवला. हलेना! पाना लावला. बसेना. दुसरा लावला. बसेना!

अहो, नट असतो सहा कोनांचा. पण आमचे मिस्त्री भारी शहाणे. नटसुद्धा घरीच करणार! गप्पा मारत मारत कानस घासली. कोन झाले पाच!

"पाचकोनी पाना घडवायला हवा गं," मिस्त्री म्हणाला. "भट्टी पेटेल तर घडवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"भट्टीबाई, भट्टीबाई, पेट! मिस्त्री पाना घडवीना, पिल्लू माझं सुटेना!"

भट्टी म्हणाली, "वारा कुठाय? भाता फुंकेल तर पेटेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"भातेराव, भातेराव, फुंका! भट्टी पेटेना, मिस्त्री पाना घडवीना, पिल्लू माझं सुटेना!"

भाता म्हणाला, "फुस्स! माझं पोट फाटलंय. गंपूमामा शिवतील तर फुंकीन."

पेटीतून आवाज, अगदी बारीक. "चीं..."

तुरुतुरु, तुरुतुरु!

गंपूमामा चपला शिवत बसायचे.

"गंपूमामा, गंपूमामा, शिवा! भाता फुंकेना, भट्टी पेटेना, मिस्त्री पाना घडवीना, पिल्लू माझं सुटेना!"

"शिवू कशानं, माझ्या बोटानं? दाभण पडला फटीत. एवढी जाडी सुई, पण माझा हात आत जाईना. तू आणशील तर शिवीन."

पेटी गप्प. चीं नाही, चूं नाही.

टिचकी घुसली फटीत. आत अंधार. आत कोळी! टिचकीनं डोळे मिटले. दाभण दातात धरला. ओढला. खर्र... खर्र... टण्ण! बाहेर!

मग मामांनी शिवलं, टच टच. भाता फुंकला, भस्स भस्स. भट्टी पेटली, धडधड. मिस्त्रीनं पाना घडवला, ठण ठण ठण. पाण्यात बुडवला, चुर्रर्र! नटाला लावला.

बसला!

झाकण उघडलं. पिल्लू तेलानं काळंकुट्ट. हलेना. टिचकीनं नाक चाटलं. एकदा. दोनदा.

"आक्छी! आई, भूक!"

टिचकी पेटीतच आडवी झाली. पिल्लाला जवळ घेतलं. म्हणाली, "मिस्त्रीदादा, हे झोपेपर्यंत फटफट बंद!"

"बंद तर बंद, बाई!" मिस्त्री खालीच बसला.

पिल्लू प्यालं गटागट, गोष्ट संपली झटपट!