चिताऱ्याचा खल

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होते. तिथल्या राजाची वृद्ध आई दूरच्या गडावर अंथरुणाला खिळली होती. लेकाचा चेहरा एकदा पाहावा, एवढीच तिची इच्छा उरली होती. पण सीमेवर शत्रूचा तळ पडलेला. राजाला राजधानी सोडता येईना.

म्हणून राजाने आपले चित्र काढवून गडावर धाडले. चित्र झोकदार होते. मान ताठ, गाल लाल, नजर करारी. थोड्याच दिवसांत ते परत आले. सोबत आईचा निरोप होता, "राजा छान आहे. पण माझा लेक कुठे आहे?"

तेव्हा गावकुसाजवळच्या एका चिताऱ्याला बोलावणे गेले. तो कुणाचा शिष्य नव्हता. पाहत पाहत आणि चुकत चुकत शिकला होता, आणि आता त्याचे केस पांढरे होऊ लागले होते. महालात येताच त्याने राजाला समोर बसवले, खल मांडला आणि रंग घोटायला घेतला.

सकाळ सरली. कापडावर एक रेघ नव्हती. प्रधान येरझाऱ्या घालत होता.

"चितारीबुवा, रंग घोटताय की चटणी?"

"चटणी असती तर एव्हाना ताटात वाढली असती, प्रधानजी."

"तयार रंग कोठीत पडलेत. आणवू का?"

"रंग तयार असतील. महाराज अजून तयार नाहीत."

प्रधानाला ते कळले नाही. राजा आधी दरबारात बसावा तसा बसला होता. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले. मुकुट खुपत होता, तो त्याने काढून मांडीवर घेतला. मग गडाच्या वाटेकडे बघत तो नुसताच बसून राहिला. चिताऱ्याचा बत्ता थांबला. त्याने कुंचला उचलला.

चित्र पाहून प्रधानाने कपाळाला हात लावला. राजाचेही तोंड कडू झाले. "हा तर थकलेला माणूस आहे. मान ताठ कर. गालांना जरा रंग दे."

चितारी नम्रपणे, पण ठामपणे म्हणाला, "महाराज, तसे चित्र आपल्याकडे आहेच. ते एकदा परत आले आहे."

"आणि हेही परत आले तर?"

"तर हा कुंचला मी पुन्हा हातात धरणार नाही."

चिताऱ्याला दुसरे काही येत नव्हते, आणि दुसरे काही यावे असे त्याला कधी वाटलेही नव्हते.

चित्र गेले. चितारी घरी बसून रोज रंग घोटत राहिला. उद्या ते वापरता येतील की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. तरी एकही खडा त्याने जाडाभरडा ठेवला नाही.

अखेर स्वार परतला. चिताऱ्यालाही दरबारात बोलावणे आले, तो खल घेऊनच गेला. स्वाराच्या हाती चित्र नव्हते, फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या.

स्वार म्हणाला, "आईसाहेबांनी चित्र उशाशी ठेवून घेतले. म्हणाल्या, पोर सकाळपासून जेवलेले दिसत नाही. आधी त्याला खायला घाला."

राजाने फडके सोडले आणि भर दरबारात दशमी तोंडात घातली.

मग राजाने चिताऱ्याला विचारले, "त्या दिवशी मी उपाशी होतो, हे तुला कुणी सांगितले?"

"कुणी नाही, महाराज. मी फक्त दिसेपर्यंत थांबलो, आणि दिसले तसे काढले."

प्रधान हळूच पुढे आला. "बुवा, माझेही एक चित्र काढाल का?"

"काढीन की. बसा. रंग घोटायचे आहेत."

संध्याकाळी चितारी खल काखेत मारून घरी निघाला. राजाला चित्रात हवी होती तशी ताठ मान त्या दिवशी चिताऱ्याची होती.

तात्पर्य : मन लावून, नीट पाहून जे काम केले, ते कुणाच्या मर्जीसाठी बदलू नये.