ओल्या मातीवरचा रूळ

"पण मी बोललो ते खरं होतं की नाही, बाबा?"

"खरं होतं," त्याचे गुरू केवलनाथ म्हणाले. "ओढ."

विश्वंभरने दोर खांद्यावर घेतला. मळणी तोंडावर आली होती आणि मठामागचं खळं अजून तयार नव्हतं. सकाळीच माती खणून तिच्यावर पाणी मारलं होतं. आता दगडी रूळ फिरवून ती दाबायची होती.

विश्वंभर परदेशात शिकला, तिथल्या कागदाच्या गिरणीत काम केलं आणि सगळं सोडून मठात आला. काल भरल्या सभेत त्याने तुळजारामला अडवलं. तुळजाराम त्याचा थोरला गुरुबंधू. निरूपणात त्याचा ओवीचा अर्थ चुकला, विश्वंभरने ती चूक तिथल्या तिथे दाखवून दिली. लोक हसले.

आज तुळजारामने गाठोडं बांधलं होतं. जेवून तो मठ सोडणार होता.

"चूक सांगायचीच नाही, तर शिकायचं कशाला? मी परत जातो त्याच्याकडे. ग्रंथ उघडून दाखवतो. पटेल त्याला."

"आधी मागे बघ."

रूळ गेला होता तिथली माती दबली नव्हती. तिचे पोपडेच्या पोपडे रुळाला चिकटून वर आले होते.

"खळं करतोयस की नांगरतोयस?"

विश्वंभरला हसू आलं नाही. "माती फार ओली आहे."

"तुमच्या गिरणीत कागद सुकल्यावर दाबतात?"

"छे! ओलाच असतो. त्यातलं पाणी रुळांनीच तर पिळून काढतात."

"मग चिकटत नाही?"

"चिकटेल कसा? रूळ त्याला थेट लागतच नाही. मध्ये लोकरीचं जाड कापड..."

तो थांबला.

केवलनाथांनी पाटीतला भुसा मुठीमुठीने मातीवर पसरला.

"हं. आता ओढ."

रूळ फिरला. माती खाली राहिली.

विश्वंभरने दोर खांद्यावरून उतरवला.

जेवणाची घंटा झाली. पंगतीच्या टोकाला, गाठोडं मांडीशी घेऊन, तुळजाराम बसला होता.

"बाबा, ग्रंथ नको न्यायला?"

"राहू दे."

"मग त्याला म्हणू तरी काय?"

केवलनाथांनी ताकाचं भांडं विश्वंभरच्या हातात दिलं.

"ह्यात मीठ तू घाल. बरोबर पडलंय का, ते त्याला विचार."